बिघाडाचे वाक्य : कर्ता आणि कारण

१

वाक्याचा कर्ता आणि घटनेचे कारण ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे व्याकरणाच्या विद्यार्थ्यास लवकर शिकविले जाते. आणि व्याकरणाच्या तासाबाहेर पडताच ते तितक्याच लवकर विसरले जाते. 'ही सुरी चांगली कापते' ह्या वाक्यात सुरी कर्ता आहे, म्हणून कापण्याचे सारे श्रेय सुरीचे, असे कोणी समजत नाही. कारण सुरीमागचा हात सर्वांच्या परिचयाचा असतो. पाणिनीने कर्त्याची कल्पना स्वातंत्र्यावर उभारली. शिजविण्याच्या क्रियेत भांड्यालाही कर्तृत्व देता येते, ह्या प्रयोगाची पतंजलीने चर्चा केली. आणि कोणास स्वतंत्र म्हणून दाखवावयाचे हे वक्त्याच्या विवक्षेवर अवलंबून असते, हा विचार त्या परंपरेत रुजला. परंतु ज्या क्रियेमागचा हात वाचकाला मुळीच दिसत नाही, त्या क्रियेचे वाक्य वाचताना काय घडते? तेथे व्याकरणातील कर्ता हाच अपराधी ठरतो.

अशी वाक्ये आज घरोघरी वाचली जातात. टेबलावरच्या संगणकाचा पडदा क्षणभर काळा होतो, पुन्हा उजळतो, आणि कोपऱ्यात एक ओळ उमटते. किंवा पडद्यावर रंगीत पट्टे येतात, संगणक आपोआप बंद होऊन सुरू होतो, आणि एक संकेतांक मागे ठेवतो. ह्या ओळींना येथे 'बिघाडवाक्ये' म्हटले आहे. त्यांची गणना कोणी गद्यात करीत नाही, मग त्यांची समीक्षा होणे दूरच. परंतु ती वाचणारा मनुष्य त्यांच्या आधाराने कृती करतो. तो चांगले कार्ड फेकून देतो, नवे विकत आणतो, अथवा आपल्याच हातून काही चुकले असे मानून गप्प बसतो. ज्या गद्याच्या अर्थावर वाचक पैसे खर्च करतो, त्या गद्याच्या अर्थाची छाननी करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम नव्हे, असे म्हणता येणार नाही.

२

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पडद्यावर चित्र उमटते ते एका साखळीच्या शेवटी. वापरातला कार्यक्रम चित्राची मागणी करतो. विंडोजसारखी कार्यप्रणाली ती मागणी ड्रायव्हरकडे सोपविते. ड्रायव्हर म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या भाषेत ती मागणी उतरविणारी आज्ञावली. कार्डावरील प्रक्रियक चित्र तयार करतो. आणि केबलीतून ते पडद्याकडे जाते. ह्यांपैकी ड्रायव्हर ही लिखित वस्तू आहे, कार्ड ही घडीव वस्तू आहे. आणि दोहोंना जगविणारी वीज ही तिसरीच गोष्ट आहे.

२००७ मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती आली, तेव्हा तिच्याबरोबर ड्रायव्हरांची नवी रचना आली, आणि त्या रचनेत एक पहारेकरी बसविण्यात आला. कार्डाला दिलेले काम ठराविक मुदतीत पुरे होते की नाही, अथवा मागितल्यास ते बाजूला ठेवले जाते की नाही, हे तो पाहतो. ही मुदत मूळ मांडणीप्रमाणे २ सेकंदांची आहे. मुदत टळली की कार्यप्रणाली ड्रायव्हरकरवी कार्ड पूर्वस्थितीवर आणते, आणि पडदा पुन्हा उजळतो. एका मिनिटाच्या आत अशी पाच पुनःस्थापने होऊन गेली, तर पुढच्या खेपेस सारा संगणकच थांबविला जातो. ही योजना हितकर होती, ह्यात संशय नाही. त्यापूर्वी, विंडोज एक्सपीच्या काळात, असा प्रसंग बहुधा निळ्या पडद्यावरच संपे, आणि लिहीत असलेला मजकूर त्याबरोबर जाई.

ह्या हितकर योजनेने वाचकापुढे ठेवलेले वाक्य मात्र असे होते : 'डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ट रिस्पॉण्डिंग अँड हॅज रिकव्हर्ड.' घटनांच्या नोंदवहीत ह्याचा क्रमांक ४१०१ असा पडतो. मराठीत सरळ सांगावयाचे तर, 'ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबविले आणि तो सावरला आहे.' वाक्यात एक कर्ता आहे आणि दोन क्रियापदे आहेत. घटनेत मात्र तिघे होते. काम न संपविणारे कार्ड पहिले. मुदत मोजून कार्ड पूर्ववत् करविणारी कार्यप्रणाली दुसरी. आणि ह्या दोहोंमध्ये उभा असलेला ड्रायव्हर तिसरा. वाक्याने पहिल्याचे नाव घेतले नाही, दुसऱ्याचे घेतले नाही. दोघांच्याही क्रिया तिसऱ्याच्या पदरी बांधल्या. 'सावरला' हे क्रियापद तर विशेष पाहण्यासारखे आहे. सावरणे ही ज्याची त्याने करावयाची क्रिया. येथे ड्रायव्हर सावरलेला नसून सावरविला गेलेला आहे. प्रयोजक क्रियापदाच्या जागी मूळ क्रियापद घातल्याने सावरविणारा अदृश्य झाला.

ह्याचा परिणाम असा की, वाचक ड्रायव्हर बदलतो. तो बदलणे प्रत्येक वेळी निष्फळ असते असे नाही. सदोष ड्रायव्हर ही ह्या प्रसंगाची एक खरी शक्यता आहे. परंतु कार्ड तापले असेल, त्याचा वेग निर्मात्याच्या मर्यादेबाहेर वाढविला असेल, वीजपुरवठा अपुरा पडत असेल, तरीही वाक्य हेच उमटते. इतकेच नव्हे, तर काहीही बिघडले नसताना ते उमटू शकते : कार्डावर एखादे दीर्घ गणित चालविले आणि त्याच्या एका टप्प्याला दोन सेकंदांहून अधिक काळ लागला, तर पहारेकऱ्याच्या दृष्टीने तो कसूरच ठरतो. अशा वेळी मुदत वाढविण्याचा उपाय करण्यात येतो. दीर्घ गणिताच्या बाबतीत तो योग्यच आहे; परंतु कार्ड खरोखरच आजारी असताना मुदत वाढविणे म्हणजे साक्षीदाराला उशिरा बोलावयास सांगणे होय. दोन्ही प्रसंगी वाक्य एकच असल्यामुळे, कोणता प्रसंग कोणता हे वाक्यावरून कळत नाही.

३

दुसरे वाक्य ह्याहून गुंतागुंतीचे आहे. विंडोजच्या उपकरण-यादीत ग्राफिक्स कार्डाच्या नावापुढे पिवळे चिन्ह दिसते आणि संकेत ४३ लिहिलेला असतो. त्याचे शब्द अशा अर्थाचे आहेत : ह्या उपकरणाने अडचणी कळविल्या आहेत, म्हणून विंडोजने ते थांबविले आहे. येथे कार्यप्रणालीने आपले नाव लपविलेले नाही. थांबविण्याची जबाबदारी तिने उघडपणे घेतली आहे. परंतु कारणदर्शक उपवाक्यात तिने साक्ष मात्र उपकरणाच्याच तोंडी घातली. मायक्रोसॉफ्टच्याच तांत्रिक स्पष्टीकरणात ह्या संकेताचा अर्थ निराळा सांगितला आहे : उपकरण चालविणाऱ्या ड्रायव्हरांपैकी एकाने, ते उपकरण कोणत्या तरी प्रकारे निकामी झाल्याचे कार्यप्रणालीला कळविले. म्हणजे कळविणारा ड्रायव्हर, आणि ज्याच्याविषयी कळविले ते उपकरण. पडद्यावरच्या वाक्यात हे दोघे एक झाले, आणि दुसऱ्याने केलेली तक्रार कबुलीजबाबासारखी वाचली जाऊ लागली.

हा भेद केवळ शाब्दिक नाही, ह्याचे एक उदाहरण उपलब्ध आहे. एकाच संगणकाच्या पोटात दुसरा आभासी संगणक चालवून त्याला ग्राफिक्स कार्ड स्वतंत्रपणे जोडून देण्याची पद्धत आहे. एनव्हिडिया कंपनीची जीफोर्स मालिकेतील कार्डे अशा रीतीने जोडली असता, आपण आभासी यंत्रात आहोत हे ओळखून ड्रायव्हर चालावयाचे नाकारीत असे, आणि पडद्यावर संकेत ४३ येई. वापरणाऱ्यांनी शोधलेला उपाय असा की, यंत्र आभासी आहे ही खूणच ड्रायव्हरपासून लपवावयाची. ती लपविली की तेच कार्ड, तोच ड्रायव्हर, सुरळीत चाले. पुढे २०२१ मध्ये, ४६५ क्रमांकाच्या ड्रायव्हर-मालिकेपासून, कंपनीने ही वाट अधिकृतपणे मोकळी केली. तोपर्यंत 'उपकरणाने अडचणी कळविल्या' ह्या वाक्याखाली एक धोरण उभे होते. उपकरण निरोगी होते. अडचण असलीच तर ती परवानगीची होती. नकाराला बिघाडाचे वाक्य मिळाले की वाचक कार्डात दोष शोधू लागतो, आणि जो नकार देतो त्याला कोणी जाब विचारीत नाही.

एकेका वाक्यातला हा दोष बेरजेतही शिरतो. व्हिस्टासंबंधीच्या अमेरिकेतील एका खटल्यात मायक्रोसॉफ्टचा अंतर्गत पत्रव्यवहार २००८ मध्ये उघड झाला. त्यात संगणक कोसळण्याच्या प्रसंगांची विभागणी होती : सुमारे २९ टक्के प्रसंग एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांच्या नावे, सुमारे १८ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टच्या नावे. हे आकडे तेव्हापासून पुष्कळदा निकालपत्रासारखे सांगितले गेले आहेत. नव्या रचनेसाठी लिहिलेले त्या काळचे ड्रायव्हर कच्चे होते, ह्याबद्दल फारसा वाद नाही. निष्कर्ष कदाचित बरोबरही असेल. परंतु 'च्या नावे' ह्या शब्दयोगाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. अशी मोजणी, कोसळण्याच्या क्षणी हाताशी सापडलेल्या आज्ञावलीच्या नावाची असते. शिवाय ज्याची कार्डे अधिक, त्याचे नाव अधिक वेळा येणार, हेही उघडच आहे. वाक्यांतील कर्त्यांची बेरीज केली म्हणजे कारणांची बेरीज होत नाही.

२०१२ मध्ये विंडोज ८ आली, तेव्हा निळ्या पडद्यावर एक दुर्मुखलेला चेहरा आणि 'तुमचा संगणक अडचणीत सापडला आहे' अशा अर्थाचे वाक्य आले. २०२५ मध्ये पडदा काळा झाला आणि तो चेहराही गेला. ह्या वाक्याने एक सुधारणा केली : कोणावरही खोटा आळ घेतला नाही. परंतु ती सुधारणा मौनाने साधली. खाली बारीक अक्षरांत येणारा संकेत, आणि विंडोज १० पासून कधीकधी 'काय निकामी झाले' ह्या शीर्षकापुढे येणारे ड्रायव्हरच्या फाइलीचे नाव, ह्यांनी जुनाच दोष मागल्या दाराने परत आणला आहे.

४

आता ही वाक्ये मराठीत यावयाची झाली, तर काय होते? 'ड्रायव्हर' हा शब्द मराठीने मोटारीबरोबर स्वीकारला. तो सजीव आहे, पुल्लिंगी आहे, त्याला पगार आहे आणि झोपही आहे. 'ड्रायव्हर थांबला' हे वाक्य मराठी कानाला एका माणसाविषयीचे वाटते. 'चालक' म्हटल्याने हा सजीवपणा कमी होत नाही. इंग्रजीतही ह्या शब्दाचे मूळ मनुष्यवाचकच आहे. परंतु तेथे सर्वनाम येताच निर्जीवता उघड होते. मराठीत 'तो सावरला' म्हटले की सर्वनामही माणसाचेच राहते. म्हणजे मूळ वाक्यातील कर्तृत्वाचा आभास मराठीत उणा न होता वाढतो.

लिनक्सवरील एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची नोंद ह्या दृष्टीने मनोरंजक आहे. तेथे ७९ क्रमांकाची एक नोंद येते, तिचा शब्दशः अर्थ 'कार्ड बसवरून खाली पडले' असा होतो. बस म्हणजे संगणकाच्या भागांना जोडणारी सामाईक संदेशवाट. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'सर्वांसाठी', आणि प्रवासी गाडीही त्याच शब्दाची लेक. मराठी वाचकाला हे वाक्य एस.टी.च्या अपघाताची बातमी वाटल्यास त्याचा दोष नाही. तरीही, रूपक बाजूला सारल्यास, हे वाक्य पूर्वीच्या दोहोंपेक्षा प्रामाणिक आहे. ड्रायव्हरला काय दिसले एवढेच ते सांगते : हाक मारली, त्या जागी कोणी नव्हते. वीज गेली, तापमान चढले, की कार्ड खाचेत सैल बसले, ह्यांपैकी कशाचाही दावा ते करीत नाही. ह्या नोंदींच्या अधिकृत कोष्टकात तर प्रत्येक क्रमांकापुढे संभाव्य कारणांचे रकाने आहेत : यंत्रभाग, ड्रायव्हर, वापरातला कार्यक्रम, स्मृतीतील बिघाड, वाहिनी, उष्णता. बहुतेक वेळा एकाहून अधिक रकान्यांत खूण असते. एक लक्षण आणि अनेक कारणे, हा संबंध कोष्टकाने मान्य केला आहे. पडद्यावरच्या वाक्याला तो मान्य करता आलेला नाही.

वस्तुतः ह्या कामासाठी मराठीपाशी एक नेमके रूप आहे. 'दार उघडेना', 'गाडी चालेना', 'पाऊस थांबेना' ह्या वाक्यांत अपेक्षा झाली किंवा प्रयत्न झाला, आणि फळ आले नाही, एवढेच सांगितले जाते. 'दार उघडेना' असे म्हणणाऱ्याने कुलूप गंजले, लाकूड फुगले, की आतून कोणी धरून ठेवले, ह्याविषयी काहीही म्हटलेले नसते. 'दार उघडत नाही' हे दाराच्या स्वभावाचे वर्णन होऊ शकते. 'दार उघडू शकत नाही' ह्याने दाराच्या सामर्थ्याविषयी विधान केले. 'उघडेना' मात्र दारासमोर उभ्या असलेल्या माणसाचे वाक्य आहे. त्याचेच पुढचे रूप 'उघडेनासे झाले' : पूर्वी उघडत होते, आता उघडत नाही. पहारेकऱ्याला नेमके इतकेच ठाऊक असते. तेव्हा ४१०१ क्रमांकाच्या नोंदीचे मराठी रूप असे होऊ शकेल : 'ग्राफिक्स कार्डाकडून दोन सेकंदांत उत्तर येईना, म्हणून विंडोजने ते पुन्हा सुरू केले. कारण समजलेले नाही.' ह्यात मुदत आहे, पाहणारा आहे, करणारा आहे. आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे म्हटलेले आहे.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. सामान्य माणसाला इतक्या तपशिलाची गरज नाही. त्याला धीर हवा असतो, आणि 'सावरला आहे' हे शब्द तो देतात. हा आक्षेप क्षुल्लक नाही. भर कामात पडदा काळा झालेल्या माणसाला व्याकरणाचा पाठ नको असतो. परंतु 'पुन्हा सुरू केले' ह्या शब्दांनी तितकाच धीर मिळतो, आणि चुकीच्या दिशेने पाठविण्याचे पाप घडत नाही. संदेशाने कारण सांगावे अशी मागणी येथे नाही, कारण ते त्याला ठाऊक असतेच असे नाही. जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखी वाक्यरचना त्याने करू नये, एवढीच मागणी आहे.

५

वाक्य कारण सांगत नसेल, तर ते शोधावयाचे कसे? येथेही व्याकरणाचीच एक जुनी पद्धत उपयोगी पडते. 'वृक्षः' आणि 'वृक्षौ' ही दोन रूपे शेजारी ठेवून, शब्दाचा कोणता अंश टिकला, कोणता गेला, आणि त्याबरोबर अर्थाचा कोणता अंश टिकला, कोणता गेला, हे पाहावयाचे. आणि त्यावरून झाडाचा अर्थ प्रकृतीचा, संख्येचा अर्थ प्रत्ययाचा, असे ठरवावयाचे. हाच अन्वय-व्यतिरेक. आधुनिक ध्वनिविचारातील लघुतम युग्मांची कसोटी ह्याच कुळातली आहे. एका वेळी एकच अंश बदलावयाचा, बाकीचे सर्व तसेच ठेवावयाचे, हा तिचा प्राण आहे.

रंगीत पट्ट्यांची तक्रार घ्या. संगणक सुरू करून, विंडोज येण्यापूर्वीचा मांडणीचा पडदा पाहावा. त्या वेळी विंडोजमधील ड्रायव्हर उतरलेलाच नसतो. पट्टे तेथेही दिसले, तर ड्रायव्हरच्या अभावी दोष टिकला, ड्रायव्हर सुटला. तेथे दिसले नाहीत, तर विंडोज सुरक्षित स्थितीत सुरू करावी. तेथे निर्मात्याच्या ड्रायव्हरऐवजी मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर काम करतो. पट्टे गेले, तर संशय मूळ ड्रायव्हरवर येतो. पण केवळ संशयच, कारण साध्या ड्रायव्हरखाली कार्डावर भारही अत्यल्प असतो. एका बदलात दोन बदल झाले. ते वेगळे करावयाचे, तर जुना ड्रायव्हर पुन्हा बसवून पूर्ण भाराखाली पाहावे. दोष तरीही टिकला तर कार्ड, उष्णता आणि वीज ह्यांच्याकडे वळावे. टिकला नाही, तर नव्या ड्रायव्हरविरुद्धचा पुरावा सबळ झाला.

पडदा नुसताच काळा असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ह्या चार कळा एकत्र दाबाव्या. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चित्र परत आले, तर केबल आणि पडदा ह्यांवरचा संशय बराच हलका होतो. 'सिग्नल नाही' हे पडद्याचे वाक्यही त्याच्या जागेवरून वाचावे. पडद्यापर्यंत काही पोहोचले नाही, इतकाच त्याचा अर्थ. आणि केबल कार्डाला न लावता मुख्य फळ्याच्या खोबणीत लावली असली, तरी ते उमटू शकते.

ह्या पद्धतीचा एक सापळाही ध्यानात ठेवला पाहिजे. कार्ड काढून पुन्हा बसविले आणि दोष गेला, तर कार्ड दोषी होते असे सिद्ध होत नाही. काढण्या-बसविण्यात खाचेची पकड बदलली, वीजजोडणी पुन्हा दाबली गेली, कार्ड निवले. नवा ड्रायव्हर घालताना जुन्या मांडणीही पुसल्या जातात, आणि गुण मात्र नव्या ड्रायव्हरच्या नावे लिहिला जातो. बिघाडवाक्यात जो दोष दाखविला, तोच येथे दुरुस्तीच्या कहाणीत शिरतो : शेवटची कृती कर्ता होते, आणि कर्ता कारण होतो. म्हणून दोष गेल्यावर तो एकदा मुद्दाम परत आणून पाहावा. जुनी स्थिती परत केली असता दोषही परत आला, तरच व्यतिरेक पुरा झाला.

तात्पर्य, बिघाडवाक्य ही एक साक्ष आहे, आणि साक्ष वाचावयाची ती साक्षीदाराची जागा ओळखून. कार्यप्रणालीला ड्रायव्हर दिसतो, ड्रायव्हरला कार्ड दिसते, पडद्याला केबलीतून येणारा संदेश दिसतो. आणि प्रत्येकजण आपल्या शेजाऱ्याचे नाव घेतो. ह्या नावांपैकी कोणते खरे हे वाक्य सांगू शकणार नाही. मराठीत ही वाक्ये उतरविणाऱ्यांपुढे एक संधी आहे. मूळ रचनेची सावली तशीच न उतरविता, पाहणारा कोण आणि त्याला काय दिसले एवढे जरी त्यांनी क्रियापदात ठेवले, तरी काही निरपराध कार्डे वाचतील, आणि ती वापरणाऱ्यांच्या खिशातील पैसाही.